अडथळ्याची कावीळ: ईआरसीपी आणि पोटात पंचावन्न दिवस राहिलेली नळी

माझ्या पित्तनलिकेत, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या वाटेत, बसवलेली नळी २५ मार्चला निघाली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी रात्री दोन-दोन वाजता मोबाइलवर ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतला अडथळा काढणं) म्हणजे काय ते मराठीत शोधत होते आणि हाती फारसं काही लागत नव्हतं. म्हणून तारखा, कागद, पैसे, भीती, सगळं घडलं तसं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. वय ४४, राहणं नाशिकच्या इंदिरानगरला.

सुरुवात संक्रांतीला झाली. मंगळवार, १४ जानेवारी २०२५. दुपारी तुपाशी दोन गूळपोळ्या खाल्ल्या आणि रात्री साडेअकराच्या सुमारास उजव्या बरगडीखाली कळ आली. ती पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत जात होती. पित्त झालं असेल म्हणून गोळी घेतली. दोन तासांनी कळ थांबली आणि मी ती विसरलेही. चार-पाच दिवसांनी तळहात-तळपाय खाजायला लागले, तेही रात्रीच जास्त. थंडीने त्वचा कोरडी पडली असेल म्हणून खोबरेल तेल लावत राहिले. लघवी कोऱ्या चहासारखी दिसत होती, ती पाणी कमी प्यायल्यामुळे असेल असं वाटलं. शौचाचा रंग मातकट पांढरा झाला होता, त्याबद्दल कुणाला सांगायचं हेच कळलं नाही. आता मागे वळून पाहिलं की कळतं, चारही खुणा एकाच गोष्टीच्या होत्या आणि प्रत्येकीला मी वेगळं कारण देत होते.

शुक्रवारी, २४ तारखेला, सोसायटीतल्या एका वहिनींकडे हळदीकुंकू होतं. कुंकू लावता लावता त्या थांबल्या. ‘अगं, तुझे डोळे पिवळे दिसताहेत.’ घरी येऊन आरशात पाहिलं तर काहीच दिसेना. सकाळी गॅलरीत उन्हात उभं राहून यजमानांना खालची पापणी ओढून पाहायला सांगितलं, तेव्हा स्पष्ट पिवळं दिसलं. ट्यूबलाइटच्या उजेडात कावीळ लपते. डोळे नेहमी दिवसाच्या उजेडात पाहा.

आमच्या सासूबाई निफाड तालुक्यातल्या. फोनवर कळताच म्हणाल्या, ‘आत्ताच्या आत्ता इकडे ये. आपल्याकडे कावीळ उतरवून देतात, तीन दिवसांत उतरते.’ त्यात त्यांची माझ्यावरची मायाच होती, हे मला ठाऊक आहे. गळ्यात माळ घालतात, ती दिवसागणिक लांब होत जाते. हाताला काहीतरी चोळून चुन्याच्या पाण्यात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं होतं. लहानपणी आजोळी मी हे पाहिलंय. तेव्हा मला काहीही झालेलं नव्हतं, तरी माझ्या हातांनीही पाणी पिवळं झालं होतं. ती आठवण होती म्हणून मी म्हटलं, ‘आई, आधी रक्त तपासून घेते, मग येते.’

शनिवारी सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त दिलं, दुपारी दोनला रिपोर्ट आला. लिव्हरची चाचणी ७५० रुपये. एकूण बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं रंगद्रव्य, ६.८, त्यातलं डायरेक्ट, म्हणजे यकृताने पित्तात सोडण्यासाठी तयार केलेलं, ५.४. पित्त तुंबलं की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज ४८०. सगळे आकडे नेहमीपेक्षा बरेच जास्त. डॉक्टरांनी डायरेक्टच्या आकड्याखाली पेनाने रेघ मारली आणि मला जे सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहितेय. दूषित पाण्यातून होणारी कावीळ विषाणूची असते आणि बहुतेकदा ती काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे त्या काळात जे काही घेतलं असेल, त्यालाच गुण आला असं वाटतं. पण यकृतातलं पित्त आतड्यात उतरायची वाटच बंद झाली असेल, तर ती अडथळ्याची कावीळ. ती माळेनेही उतरत नाही आणि उसाच्या रसानेही नाही. अडकलेलं काढावंच लागतं. खाज, गडद लघवी आणि शौचाचा पांढुरका रंग हे सगळं एकत्र आलं, तर आधी अडथळ्याचा विचार करतात.

संध्याकाळी गंगापूर रोडला सोनोग्राफी, १,३०० रुपये. पित्ताशयात बरेच खडे, मुख्य पित्तनलिका ११ मिलिमीटरपर्यंत फुगलेली. ती साधारण सहा मिलिमीटरपर्यंत असते. नलिकेचं खालचं टोक मात्र पोटातल्या वायूमुळे दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, ‘सोमवारी पोटविकारतज्ज्ञांकडे जा. पण थंडी वाजून ताप आला तर सोमवारची वाट पाहू नका.’

रविवारी २६ जानेवारी. सकाळी शाळेत झेंडावंदनाला गेले, उभी राहिले, मुलांची कवायत पाहिली. रात्री नऊला दात वाजायला लागले. दोन रजया, वर यजमानांची शाल, तरी थंडी थांबेना. ताप १०२. डॉक्टरांचं ते वाक्य कानात होतं म्हणूनच आम्ही निघालो, नाहीतर पॅरासिटामॉल घेऊन झोपले असते. कावीळ, ताप आणि पोटात कळ हे तिन्ही एकत्र म्हणजे तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्याची खूण, आणि तो रक्तात पसरू शकतो.

मुंबई नाक्यापासून फार लांब नसलेल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रात्री सव्वादहाला पोचलो. सलाईन, अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू झाली. २०,००० रुपये डिपॉझिट भरावं लागलं, कारण कॅशलेसचा कागद सकाळीच पुढे जाणार होता. खोली घेताना थांबून पॉलिसी पाहा. आमचा विमा पाच लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ५,०००. त्याहून महाग खोली घेतली असती, तर डॉक्टरांची फी आणि इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले गेले असते. आम्ही दोन खाटांची ३,८०० ची खोली घेतली.

सोमवारी एमआरसीपी झाली. हा पित्तनलिकेचा एमआरआय. पंचवीस मिनिटं बोगद्यासारख्या यंत्रात पडून, ‘श्वास घ्या, सोडा, थांबा’ असं ऐकत राहायचं. मला बंद जागेची भीती आहे. आत जायच्या आधीच डोळे मिटले आणि बाहेर येईपर्यंत उघडले नाहीत, एवढ्याने निभावलं. रिपोर्टमध्ये नलिकेच्या तळाशी सुमारे ७ मिलिमीटरचं काहीतरी, पण खडा की गाळ ते नक्की नाही.

तज्ज्ञ डॉक्टर संध्याकाळी राउंडला आले, माझ्या फाइलच्या पाठीवर चित्र काढलं आणि पुढचा बेत समजावला. आधी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे ईयूएस. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं यंत्र असतं. जठरातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला गेलं की पित्तनलिका अगदी शेजारी येते, मध्ये वायू नाही की चरबी नाही, बारीक खडाही दिसतो. खडा दिसला तर त्याच भुलीत लगेच ईआरसीपी करून तो काढायचा.

मी विचारलं, ‘थेट ईआरसीपीच का नाही?’ ते म्हणाले, नुसतं पाहण्यासाठी ईआरसीपी आता करत नाहीत. नलिकेचं तोंड आणि स्वादुपिंडाच्या नळीचं तोंड एकाच जागी उघडतं, तिथे हात लागला की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना ती येते, बहुतेकांना सौम्य, पण क्वचित गंभीरही. म्हणून खडा आहे याची खात्री असेल तरच आत शिरायचं. आकडा ऐकून मला घाम फुटला. पण त्यांनी तो लपवला नाही, म्हणून विश्वासही बसला.

आमच्या एका मावशीचं हेच दुखणं १९८० च्या दशकात निघालं होतं. तेव्हा पोट फाडून खडा काढला आणि पोटातून बाहेर आलेली रबरी नळी व पिशवी घेऊन ती कित्येक दिवस अंथरुणाला होती. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडून पाहणं १९६८ मध्ये अमेरिकेत जमलं आणि त्याच वाटेने नलिकेच्या तोंडाला छेद देणं १९७४ मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये. म्हणजे मावशीच्या वेळी ही गोष्ट जगात होती, आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती. हे कळल्यावर बराच वेळ मला मावशीच आठवत राहिली.

मंगळवार वाया गेल्यासारखा वाटला, पण गेला नाही. रक्त गोठण्याची चाचणी, आयएनआर, १.६ आली. पित्त आतड्यात पोचत नसलं की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. अशात छेद दिला तर रक्तस्राव होईल म्हणून व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देऊन एक दिवस थांबले. तुम्ही रक्त पातळ होण्याची गोळी घेत असाल तर ती पहिल्याच भेटीत सांगा. आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका.

त्याच दिवशी विम्याकडून शंका आली: खडे पॉलिसीच्या आधीपासूनचे आहेत का? कारण आमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘दोन वर्षांपासून ॲसिडिटी’ असं लिहिलेलं होतं. मीच बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. पित्ताशयाच्या खड्यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, तोवर त्यांचा खर्च मिळत नाही. आमची पॉलिसी २०१९ पासूनची, खंड न पडलेली, पण ते सिद्ध करायला मागच्या सगळ्या वर्षांचे कागद हवे होते. यजमानांनी घरी जाऊन कपाट पालथं घातलं, २०२१ चा कागद सापडेना, शेवटी जुन्या ईमेलमधून निघाला. संध्याकाळी सहाला ४०,००० ची पहिली मंजुरी आली. तुमच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसींच्या पीडीएफ आजच एका फोल्डरमध्ये ठेवा. विमा नसेल, तर दवाखाना ठरवण्याआधी तिथे महात्मा जोतिराव फुले योजनेचा आरोग्यमित्र बसतो का आणि आपला उपचार योजनेत बसतो का हे विचारा, आधार आणि रेशनकार्ड जवळ ठेवा.

बुधवार, २९ जानेवारी. रात्री दहापासून पोटात पाणीही नाही. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी काढून सासूबाईंच्या हातात दिली. त्या आदल्या रात्रीच निफाडहून आल्या होत्या. माळेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. संमतिपत्र इंग्रजीत होतं. मी मराठीत मागितलं, तर कपाटातून काढून दिलं. मागितल्यावर मिळतं. स्वादुपिंडाची सूज, रक्तस्राव, आतड्याला छिद्र, संसर्ग, सगळं वाचलं आणि सही केली. हात थरथरत होता, तसाच तो सहीत उमटलाय.

आत शिसाचे जड ॲप्रन घातलेली माणसं, डोक्यावर एक्स-रेचं कमानीसारखं यंत्र, खोली फार थंड. सिस्टरनी गुदद्वारातून एक गोळी ठेवली. ती वेदनाशामकच असते, पण स्वादुपिंडाची सूज येण्याचा धोका तिने कमी होतो. अवघडल्यासारखं वाटलं तरी नाही म्हणू नका. दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली, आधी डाव्या कुशीवर वळवलं. भुलीचं औषध दुधासारखं पांढरं. हाताच्या शिरेत थोडं चुणचुणलं. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा सासूबाई पायाला हात लावून उभ्या होत्या. पंचावन्न मिनिटं लागली होती. ईयूएसमध्ये दोन खडे आणि गाळ दिसला. मग पालथं करून ईआरसीपी. या दुर्बिणीची भिंग टोकाला नसून बाजूला असते, कारण नलिकेचं तोंड आतड्याच्या भिंतीत असतं, चवळीच्या दाण्याएवढं. त्यातून बारीक तार आत, रंगद्रव्य सोडून एक्स-रे, विजेच्या तारेने तोंडाला छोटा छेद, मग चिमुकला फुगा खड्यांच्या पलीकडे नेऊन फुगवायचा आणि खाली ओढायचा. खडे आतड्यात पडले. गाळ आणि संसर्ग होता म्हणून पित्त वाहतं राहावं यासाठी प्लास्टिकची नळी बसवली. त्यालाच स्टेंट म्हणतात.

त्या दिवशी घसा खवखवत होता आणि रात्री पोटात दुखलं तेव्हा मी फार घाबरले. वाटलं, त्या तीन ते दहांतली मीच. सिस्टरनी लगेच रक्त घेतलं, स्वादुपिंडाला सूज आली की वाढणारं अमायलेज किंचित वाढलेलं, सूज नाही. दुखणं पाठीत जात असेल, उलट्या होत असतील, तर लाजू नका, रात्री तीनलाही बेल वाजवा. सकाळी नारळपाणी, दुपारी पेज, दुसऱ्या दिवशी मुगाचं वरण आणि मऊ भात. शुक्रवारी शौचाचा रंग पुन्हा नेहमीसारखा झाला. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही, त्या सकाळी मी बाथरूममध्ये रडले.

शुक्रवारी, ३१ जानेवारीला, डिस्चार्ज. बिलिरुबिन ३.९ वर आलं होतं. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. आमचे तीन तास सुरूच उशिरा झाले, कारण बिल दुपारी दोनला गेलं. सकाळी राउंड झाला की बिलिंगच्या खिडकीवर कुणीतरी उभं राहा आणि ‘फाइल गेली का’ एवढं विचारत राहा. बिल १,३८,०००. मंजूर १,१९,४००. आमचे १८,६००, त्यात हातमोजे-गाऊनसारख्या, विम्यातून पैसे न मिळणाऱ्या वस्तू बऱ्याच.

डिस्चार्ज कार्ड दोन पानांचं. नळीचा उल्लेख दुसऱ्या पानावर, बारीक इंग्रजी अक्षरांत, औषधांच्या वर एक ओळ: स्टेंट आत आहे. कधी काढायची, ते लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं म्हणून सिस्टरनी पेनाने लिहिलं, ‘तीन महिन्यांच्या आत काढणे’. न विचारता घरी गेले असते तर? प्लास्टिकची नळी तीनेक महिन्यांत गाळाने बुजायला लागते, मग पुन्हा तीच कावीळ, तोच ताप.

खड्यांचं मूळ पित्ताशयात, म्हणून ११ फेब्रुवारीला दुर्बिणीने पित्ताशय काढलं. दोन आठवड्यांच्या आत काढलेलं बरं, नाहीतर नवा खडा खाली उतरू शकतो. हे ऑपरेशन त्या मानाने सोपं गेलं, तिसऱ्या दिवशी घरी. खिशातून ९,२०० गेले. बाटलीत चौदा खडे दिले, तुरीच्या डाळीएवढे, हिरवट तपकिरी, कडा घासून चपट्या झालेल्या. पित्ताशय तपासणीला पाठवतात, तो रिपोर्ट पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन घ्या. कुणी फोन करत नाही.

नळीसाठी डॉक्टरांनी एप्रिलचा पहिला आठवडा दिला होता. पॉलिसी वाचताना लक्षात आलं, डिस्चार्जनंतरचा खर्च साठ दिवसांपर्यंतच मिळतो, म्हणजे १ एप्रिलपर्यंत. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हरकत नाही म्हटल्यावर २५ मार्च ठरली. शाळेत परीक्षांची गडबड होती, तरी रजा टाकली.

सकाळी नऊला एंडोस्कोपीबाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी येवल्याकडचे एक काका, धोतर-टोपी, डोळे हळदीसारखे. विचारपूस झाली. त्यांना दोन वर्षांपूर्वी अशीच नळी घातली होती. ‘बरं वाटलं ना ताई, मग कशाला परत यायचं?’ मुलगा पुण्याला, कागद कुठे ठेवला आठवत नाही, घरी कुणालाच नळी आत आहे हे माहीत नाही. आता त्या नळीभोवतीच खडा धरला होता. चार दिवस ताप काढून आले होते.

माझं दहा मिनिटांत झालं. भूल नाही, घशात कडू फवारा मारला, घसा बधिर झाला. उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, सिस्टर ‘नाकाने श्वास घ्या ताई’ म्हणत राहिल्या. नळी ट्रेमध्ये ठेवून दाखवली. करंगळीएवढी लांब, निळी, दोन्ही टोकांना पंख्यांसारखे काप आणि एका टोकाला काळपट चिखल. आठच आठवडे झाले होते. खर्च ९,५००, नंतर परतफेडीत मिळाला. मूळ बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचं डिस्चार्ज कार्ड जोडलं होतं.

घसा सुटेपर्यंत तासभर काही प्यायचं नव्हतं, म्हणून तिथेच बसून होते. दुपारी काकांना स्ट्रेचरवरून वॉर्डकडे नेताना बाहेर थांबवलं. जुनी नळी निघाली होती, मोठा खडा दुसऱ्या खेपेला फोडायचा म्हणून पुन्हा नवी घातली होती. त्यांच्यासोबत आलेल्या पुतण्याच्या हातात फाइल होती. मी ती मागून घेतली, डॉक्टरांनी दिलेली तारीख कुठे आहे ते आत शोधलं, पर्समधून पेपर तपासायचं लाल पेन काढलं आणि फाइलच्या वरच मोठ्या अक्षरांत लिहिलं: पोटात नळी आहे. २३ जूनच्या आत यायचं. पुतण्याने ते मोठ्याने वाचलं. काकांनी डोळे न उघडताच विचारलं, ‘पेरणीच्या आधी की नंतर?’ आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला आणि मी तारखेखाली आणखी एक ओळ लिहिली: पेरणीसाठी थांबायचं नाही.